स्पेनच्या किनाऱ्यावर बिऱ्हाड

निवृत्तीनंतर कोठे राहावे, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना फारसा पडत नसे. नोकरीच्या गावी घर झाले असेल तर तेथे, नाहीतर खानदेशातल्या किंवा कोकणातल्या मूळ घरी. फारच वैराग्य आले तर काशी. सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांतून आता मात्र एक निराळेच नाव कानी येऊ लागले आहे, आणि ते म्हणजे स्पेनच्या समुद्रकाठचे एखादे निवांत गाव. मुलगा किंवा मुलगी युरोपात स्थिरावलेली असते. आईवडील एकदा उन्हाळ्यात जाऊन येतात. पांढरी घरे, संत्र्यांच्या बागा, निळाशार भूमध्य समुद्र, हॉर्नचा आवाज नाही, धूळ नाही. परत आल्यावर अडाजणच्या फ्लॅटच्या खिडकीतून पुलावरची वाहतूक पाहताना मन नकळत हिशेब मांडू लागते.

वास्तविक सुरतेच्या माणसाला समुद्र काही दुर्मिळ नाही. डुमस आहे, सुवाली आहे. पण डुमसला आपण जातो ते टोमॅटोची भजी खाण्यासाठी. समुद्र ओघाने पाहून होतो. तेथे बिऱ्हाड करून राहण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही. दूरच्या समुद्राचे तसे नसते. तो छायाचित्रात असतो, आणि छायाचित्रात कोणी आजारी पडत नाही.

हे स्वप्न हास्यास्पद आहे, असे मात्र मला मुळीच म्हणावयाचे नाही. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकांते प्रांतात, खाबेआ नावाचे एक गाव आहे. मागे माँगो नावाचा उघडा-बोडका डोंगर, दोन्ही बाजूंना समुद्रात घुसलेली भूशिरे, आणि मध्ये अर्धचंद्राकृती उपसागर. जुने गाव समुद्राला लागून नाही. चाच्यांच्या भीतीने ते किनाऱ्यापासून दोनएक किलोमीटर आत वसवले, आणि तेथील देवळाच्या भिंतीही गढीसारख्या जाड बांधल्या. खाडीच्या तोंडापासून आत, नदीच्या आडोशाने वसलेल्या सुरतेच्या माणसाला ही खबरदारी लगेच कळावी. हिवाळा सौम्य, पाऊस बेताचा, फिरायला सपाट रस्ते. सांधे दुखणाऱ्या माणसाला आणखी काय हवे? हजारो ब्रिटिश, जर्मन, डच वृद्धांनी हाच विचार करून या किनाऱ्यावर घरे केली आहेत.

आधी कागदपत्रांचे पाहू, कारण पहिली ठेच तेथेच लागते. पर्यटक म्हणून शेंगेन व्हिसावर गेल्यास कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक राहता येत नाही. त्यापुढे राहावयाचे तर निवासाचा परवाना हवा. काम न करता स्वतःच्या पैशावर राहणाऱ्या परदेशीयांसाठी तेथे स्वतंत्र परवाना आहे. त्याची अट अशी की, सरकारने ठरविलेल्या ‘इप्रेम’ नामक निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न किंवा तेवढी पुंजी दाखवावी लागते. 2025 मध्ये हा निर्देशांक दरमहा 600 युरो होता. म्हणजे एका माणसास दरमहा 2,400 युरो, बरोबरच्या जोडीदारासाठी आणखी 600. दोघांचे मिळून वर्षाला 36,000 युरो. रुपयांत हा आकडा पस्तीस लाखांच्या घरात जातो. बँकेतून वा शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाने येथेच चहाचा कप खाली ठेवावा. निवृत्तिवेतनावर हे जमत नाही. जमलेच तर राहते घर विकून जमते. म्हणूनच स्पेनच्या गोष्टी निघाल्या की चार दिवसांनी त्या घरात फ्लॅटच्या दराच्याही गोष्टी निघतात.

पूर्वी तेथे पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्यास निवासाची मुभा मिळे. ती योजना 2013 साली सुरू झाली आणि एप्रिल 2025 मध्ये बंद झाली. तरी मध्यस्थांच्या जुन्या जाहिराती अजून फिरत असतात, त्यांवर विसंबू नये. याखेरीज खासगी आरोग्यविमा हवा, आणि तोही असा की रुग्णाने दवाखान्यात वेगळे काही भरावे लागू नये. वयाबरोबर त्याचा हप्ता चढतो, आणि सत्तरीपुढचा नवा विमेदार घेण्यास अनेक कंपन्या राजी नसतात. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला, विवाहाचा दाखला, यांवर अधिकृत शिक्के आणि त्यांची स्पॅनिश भाषांतरे. वर्षात 183 दिवसांहून अधिक तेथे राहिलात तर सगळ्या जगभरच्या उत्पन्नावर कर तेथला. भारत आणि स्पेन यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार 1993 चा आहे, पण तो समजावून सांगणारा जाणकार हाताशी हवा. येथून पैसे पाठविण्यास रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर्सची मर्यादा आहे, ती मात्र बहुतेकांना आड येणार नाही! पहिला परवाना वर्षाचा, मग दोन-दोन वर्षांचे नूतनीकरण, पाच वर्षांनी दीर्घ मुदतीचा निवास. नागरिकत्व भारतीयांस दहा वर्षांनी, आणि ते घेतले की भारतीय नागरिकत्व संपले. पासष्टीत निघालेल्या माणसाने ही बेरीज आपली आपणच करावी.

असो. कागद हे शेवटी कागदच. पैसा असला, चिकाटी असली, तर ते जमतात. खरी अडचण कागदांत दिसत नाही.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. उमेदीची वर्षे त्यांनी उकाईच्या कालव्यांवर घालविली. कन्या व्हॅलेन्सियात नोकरी करते. तिच्याकडे दोन महिने राहून आल्यापासून या गृहस्थांच्या डोक्यात खाबेआ पक्के बसले होते. नकाशे, भाड्याचे दर, विम्याची पत्रके, सारे काही फाईलमध्ये नीट लावलेले. फ्लॅटची किंमत काढायला दलालही येऊन गेला. त्यांच्या पत्नीने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “अहो, तिथे आपल्या दारावर टकटक कोण करणार? समुद्र काही बोलत नाही.”

हा प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार होता. चाळीस वर्षांपूर्वी त्या धुळ्याहून लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा त्यांना गुजरातीचा गंधही नव्हता. भाजीवाल्याकडे वांगी मागावीत तर तो तोंडाकडे पाही. येथे वांग्याला ‘रिंगणां’ म्हणतात आणि तांदळाला ‘चोखा’, हे शेजारच्या गुजराती बाईंनी हाताला धरून शिकविले. आज त्याच सोसायटीत कोणाच्या घरी मंगळागौर असो की सीमंत, आधी बोलावणे यांना जाते. एवढे मिळवायला चाळीस वर्षे लागली. ती पुन्हा कोठून आणायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास स्पेनपर्यंत जाण्याचे कारण नाही. परक्या किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या माणसांचे काय होते, हे पाहावयाचे तर सुरतेइतके सोयीचे गाव दुसरे नाही. कतारगाम दरवाजाकडे इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे, डचांची आहे, आर्मेनियनांचीही आहे. आपल्यापैकी किती जण तेथे कधी गेले असतील? रोज त्या रस्त्याने जाऊनही मी स्वतः पहिली चाळीस वर्षे आत पाऊल टाकले नव्हते.

इंग्रजांचे पहिले जहाज सुरतेच्या खाडीत आले ते 1608 साली. 1612 मध्ये सुवालीच्या समोर त्यांनी पोर्तुगीज जहाजांना हरविले. या लढाईत स्पेनचाही संबंध होता, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. 1580 पासून 1640 पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. सुवालीला लढलेले पोर्तुगीज खलाशी स्पेनच्या राजाचेच प्रजाजन होते, आणि आपले शेजारचे दमणही त्या साठ वर्षांत त्याच राजाचे होते. (केवळ किल्ला, चर्च, समुद्र आणि संथ दुपार एवढेच चित्र ज्यांना हवे आहे, त्यांनी सकाळी गाडीत बसून मोटी दमणला जावे आणि संध्याकाळी घरी यावे. पस्तीस लाख वाचतील.) 1613 साली इंग्रजांची वखार सुरतेत उभी राहिली.

या वखारीतल्या जीवनाचे वर्णन 1638 साली येथे येऊन राहिलेल्या मांडेल्सलो नावाच्या जर्मन प्रवाशाने करून ठेवले आहे. सारे व्यापारी एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत, दिवसातून दोनदा एकत्र प्रार्थना करीत. बायकामुले इंग्लंडात. दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर वखारीचा अध्यक्ष आणि त्याचे काही सोबती एकत्र जमत. शुक्रवारी त्यांनी मायदेश सोडला होता म्हणून त्या दिवशी मागे ठेवलेल्या पत्नींची आठवण काढून पेला उंचावण्याचा त्यांचा परिपाठ होता. हे वाचले की मन क्षणभर थबकते. चार पैसे मिळविण्यासाठी हजारो कोसांवर आलेली ही माणसे. आठवड्यातून एकदा एकमेकांच्या तोंडाकडे पाहून घराची आठवण काढणारी. सुरत शहर त्यांना ठाऊक होते ते दलालाच्या तोंडून, दुभाष्याच्या तोंडून आणि बाजारभावापुरते.

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांची स्वारी आली तेव्हा वखारीची दारे लावून ज्याने प्रतिकार केला, तो सर जॉर्ज ऑक्झिंडन पाच वर्षांनी, 1669 साली, येथेच वारला. त्याची आणि त्याच्या भावाची कबर पाहण्यासारखी आहे. दुमजली, घुमटाची, खांबांची. एखाद्या नबाबाचा मकबरा वाटावा. डचांनी तर त्याहून वरचढ बांधले. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध करणारा व्हान ऱ्हीडे 1691 साली सुरतेकडे येताना समुद्रातच मरण पावला. त्याची कबर म्हणजे लहानसा महालच. जिवंतपणी भिंतीआड राहिलेली ही माणसे मेल्यावर मात्र या मुलखाच्या पद्धतीचे घुमट डोक्यावर घेऊन निजली आहेत. हा देश त्यांच्या अंगी लागला तो असा, फार उशिरा.

त्यांच्यात एक माणूस मात्र अगदी निराळा निघाला. टॉम कोरियट त्याचे नाव. हा विक्षिप्त इंग्रज सीरियातल्या अलेप्पोपासून पायी चालत 1615 मध्ये अजमेरला पोहोचला. वाटेत तुर्की, फारसी शिकला. जहांगीर बादशहासमोर फारसीत भाषण करून बक्षीसही मिळविले. इंग्रज वकिलाच्या बिऱ्हाडी एक परटीण सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडत असे. तिला या पठ्ठ्याने एके दिवशी तिच्याच हिंदुस्थानीत असे काही सुनावले की ती सकाळी आठालाच गप्प झाली, अशी आठवण वकिलाच्या धर्मोपदेशकाने लिहून ठेवली आहे. परक्या देशात ज्याला भांडता येते तो तेथला झाला, असे माझे मत आहे. पुढे हा कोरियट 1617 च्या अखेरीस सुरतेला आला. पोटाच्या विकाराने आधीच खंगलेला होता. वखारीतल्या देशबांधवांनी आग्रहाने त्याला ‘सॅक’ पाजली, आणि त्यातच त्याचा शेवट झाला. ही ‘सॅक’ म्हणजे स्पेनहून येणारी दारू! सुवालीजवळ राजगरी येथे त्याची म्हणून एक घुमटी दाखवितात.

आता पुन्हा खाबेआच्या किनाऱ्याकडे वळू. तेथे येऊन राहिलेल्या ब्रिटिश वृद्धांचे जीवन पाहिले की आपल्या वखारीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. डोंगरउतारावर त्यांच्या वेगळ्या वसाहती, त्यांची इंग्रजी वर्तमानपत्रे, इंग्रजी रेडिओ, त्यांच्या पसंतीचे डबे ठेवणारी दुकाने, इंग्रजी बोलणारा दंतवैद्य. वीस-वीस वर्षे राहूनही पुष्कळांना स्पॅनिशची चार वाक्ये धड येत नाहीत, कारण तशी गरजच पडत नाही. गरज पडते ती एका रात्रीत. नवरा इस्पितळात असतो, डॉक्टर भराभर काही सांगत असतो आणि बाईला त्यातले काही कळत नाही. ब्रिटन 2020 च्या जानेवारीअखेर युरोपीय संघातून बाहेर पडले, आणि 2021 पासून, ज्यांनी रीतसर निवासाची नोंद केली नव्हती त्यांना तोच 90 दिवसांचा नियम लागू झाला, जो आपल्याला आहे. कैक जणांना घर असूनही वर्षातून निम्मा काळ निघून जावे लागू लागले.

भारतीय माणूस स्पेनच्या किनाऱ्यावर राहिलेलाच नाही, असे मात्र नाही. सिंधमधील हैदराबादेचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच बंदरोबंदरी पसरले. कानारी बेटांवरील तेनेरिफे, लास पाल्मास, तसेच आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्पेनचे सेउता, या ठिकाणी त्यांची दुकाने आणि घरे आहेत. सेउतात त्यांचे मंदिरही आहे. त्यांच्या नातवंडांची स्पॅनिश ही मातृभाषेसारखीच झाली आहे. परंतु ते विशीत गेले आणि दुकान मांडून बसले. दुकानदाराच्या दारात दिवसभर माणूस येतो. निवृत्ताच्या दारात कोण येणार? दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

आणि उलट दिशेने आलेला एक स्पॅनिश माणूस तर गुजरातच्या घराघरांत ठाऊक आहे. फादर वालेस. स्पेनमधील लोग्रोन्यो येथे 1925 साली जन्मलेले कार्लोस गोन्सालेस वालेस 1949 मध्ये भारतात आले. मद्रासला गणित शिकले, पुण्यात धर्मशास्त्र शिकले, आणि अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गणित शिकवू लागले. वर्गात शिकवायचे ते इंग्रजीत. गुजराती शिकण्याची त्यांना नोकरीसाठी तशी गरज नव्हती. तरी ते वल्लभ विद्यानगरला जाऊन गुजराती शिकले, आणि असे शिकले की पुढे त्या भाषेत सत्तराहून अधिक पुस्तके लिहिली. 1978 साली गुजराती साहित्यातला मानाचा रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाला, जो तोवर कोणा परदेशीयास मिळाला नव्हता. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. आपल्या संस्थेतील निवासाची खोली सोडून ते जुन्या अहमदाबादच्या पोळांतून घरोघर पाहुणे म्हणून राहू लागले. आज या घरी, चार दिवसांनी त्या घरी, जे ताटात पडेल ते खाऊन, जेथे जागा मिळेल तेथे झोपून. अशी कित्येक वर्षे काढली. निवृत्तीनंतर वृद्ध मातेच्या सोबतीसाठी ते माद्रिदला परतले आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तेथेच वारले. पुढल्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. दार कोण ठोठावणार, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर उलटे होते. दार त्यांनी स्वतः ठोठावले.

आपल्यातले उदाहरण हवे तर तेही सुरतेतलेच आहे. मराठी भाषेचे व्याकरण रचणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात येथील इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. राहिले जेमतेम काही वर्षे. पण त्या अवधीत दुर्गाराम मेहताजी व इतर गुजराती मित्रांबरोबर त्यांनी 1844 साली मानवधर्म सभा स्थापन केली, आणि जातिभेद, मंत्रतंत्र, विधवांची स्थिती यांवर शहरात खळबळ उडवून दिली. दादोबांना येथे ‘परप्रांतीय’ म्हणून कोणी बाजूला ठेवल्याचे दिसत नाही; वादात मात्र पुरेपूर ओढले. ताप्तीकाठच्या रेल्वेने मागाहून आलेल्या आपल्या खानदेशी बांधवांचीही हीच कथा आहे. महानगरपालिकेच्या मराठी शाळा आजही चालतात. पण त्या शाळेतला मुलगा सुटल्यावर रस्त्यावर भांडतो ते गुजरातीत.

या साऱ्या गोष्टी मी त्या गृहस्थांना सांगितल्या, तेव्हा ते हसून म्हणाले, “मला सभा स्थापन करायची नाही. मला फक्त शांतता हवी आहे.” त्यांच्या पत्नी मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या.

शांततेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तिचे स्वरूप येथून कळत नाही. ही गावे ऑगस्टमध्ये ओसंडून वाहतात. जानेवारीत तीच गावे रिकामी होतात. निम्म्या खिडक्यांच्या झडपा खाली, किनाऱ्यावरची उपाहारगृहे बंद. घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली, त्यामुळे बाहेर ऊन आणि आत फरशीतून गारठा, अशी उलटी स्थिती. दुपारी दोननंतर दुकाने बंद होतात ती पाच वाजता उघडतात. दुपारचे जेवण दोन-तीनला, रात्रीचे नऊ-दहाला. सुरतेच्या माणसाला हे शेवटचे जड जाऊ नये. आपली सोसायटीही रात्री दहालाच जागी होते.

शाकाहारी माणसाने सावध असावे. ‘भाज्यांचा’ म्हणून जो पाव मिळतो त्यात ट्यूना मासा निघतो आणि देणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. घरी स्वयंपाक करणाऱ्याचे मात्र काही अडत नाही. मसूर आणि काबुली हरभरा हे तर तेथले रोजचे खाणे. तांदूळ व्हॅलेन्सियाच्या पाणथळ शेतांत पिकतो. भाषेचेही भय बाळगण्याचे कारण नाही. संत्र्याला तेथे ‘नारांखा’ म्हणतात. आपल्या नारिंगानेच फारसी आणि अरबीच्या वाटेने तेथवर प्रवास केला आहे. साखरेला ‘आथुकार’. टेबलाला ‘मेसा’, म्हणजे आपले मेज. पैसे देण्याला ‘पगार’! हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला आणि स्पॅनिशांनी घरी ठेवला. पावाला मात्र ‘पान’ म्हणतात, तेव्हा जेवणानंतर पान मागू नये. आणखी एक गोष्ट. आलिकांते प्रांतात स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन ही भाषाही चालते. खाबेआला त्या भाषेत ‘शाबिया’ म्हणतात आणि पाट्यांवर दोन्ही नावे असतात. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, हा व्यवहार ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडला आहे, त्या आपल्यासारख्यांना या गावात ब्रिटिशांपेक्षा लवकर पाय रोवता येतील, असे मला वाटते.

आणि एक विषय कोणी काढीत नाही, तो काढलाच पाहिजे. स्पेनमध्ये अंत्यविधी बहुधा एक-दोन दिवसांतच उरकतात. दहनाची सोय सर्वत्र आहे. त्याची चिंता नको. पुरणाऱ्यांसाठी दफनभूमीच्या भिंतीत कोनाडे असतात आणि ते मुदतीच्या कराराने मिळतात. मुदत संपली आणि कोणी पैसे भरले नाहीत, तर कोनाडा रिकामा करतात. ऑक्झिंडनचा घुमट साडेतीनशे वर्षे उभा आहे, पण तो कंपनीच्या पैशाचा. प्रश्न दहनाचा नसतो, मागे उरलेल्या जोडीदाराचा असतो. दोघे गेलेली असतात, एक उरते. मुलगी व्हॅलेन्सियाहून दीड तासात येईल, रडेल, आणि सोमवारी तिला नोकरीवर जावे लागेल. मंगळवारी दुपारी काय? जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याने फाईलमध्ये या मंगळवारचे एक पान घालावे.

त्या जोडप्याने शेवटी मधला मार्ग काढला. फ्लॅट विकला नाही. गेल्या नोव्हेंबरात नव्वद दिवसांच्या व्हिसावर खाबेआच्या जुन्या गावात, वसाहतीपासून दूर, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मुद्दाम हिवाळ्यात, गाव रिकामे असताना. जाण्यापूर्वी चार महिने बाईंनी वहीत देवनागरीत स्पॅनिश शब्द उतरवून पाठ केले. गृहस्थांनी तेवढे मनावर घेतले नाही. त्यांना समुद्र पाहावयाचा होता.

तिसऱ्या आठवड्यात समुद्र पाहून झाला. सकाळी एक फेरी, दुपारी झोप, संध्याकाळी दुसरी फेरी. मग ते सुरतेच्या मित्रांना दूरध्वनी करून तापीला पाणी किती, उकाईची पातळी किती, असे विचारू लागले. बाई मात्र आठवड्याच्या बाजारात जात. वांग्याला ‘बेरेनखेना’ म्हणतात हे कळल्यावर भाजीवालीला त्यांनी भरल्या वांग्याची कृती हातवाऱ्यांनी सांगितली. खालच्या मजल्यावर एक वृद्ध विधवा होती. तिला पुरणपोळी नेऊन दिली, तिने बदल्यात बदामाची मिठाई दिली, आणि दोघींना एकमेकींचे बोलणे निम्म्याहून कमी कळत असूनही रोज तासभर बसणे सुरू झाले. परतण्याच्या दिवशी ती म्हातारी बसच्या थांब्यापर्यंत आली होती.

दलालाला त्यांनी तूर्त नाही म्हणून कळविले आहे. परवान्याचा अर्जही केलेला नाही. येत्या नोव्हेंबरात पुन्हा तिकिटे काढायचे घाटत आहे. या खेपेस आग्रह बाईंचा आहे, आणि गृहस्थ म्हणतात, पाहू.